वाफा नंबर दोन

दिवाळी उलटली की मी माती चाळायला काढतो.
भुसावळची काळी माती : वाळली की दगड,
भिजली की चप्पल धरून बसते, सोडत नाही.
तिच्यात तापीची दोन घमेली वाळू,
जुनं शेणखत,
केळीच्या खांबाचा कुजून काळा पडलेला भुगा.
हाताला रव्यासारखी लागेपर्यंत चाळली.
पहिल्या वाफ्यात भरताची वांगी,
दुसऱ्यात मेथी.
सकाळी दुसऱ्यात, अगदी मधोमध,
एक खड्डा. नीट बुजवलेला.
वर चार नखांच्या रेघा.

लोको शेडात एकतीस वर्षं काढली.
ब्रेक हाच माझा विषय.
अठ्ठावन्न डब्यांची मालगाडी
मी घट्ट केलेल्या नटांवर भरवसा ठेवून घाट उतरायची.
आणि ही अडीच किलोची, करड्या पट्ट्यांची,
भारंबे वहिनींच्या ओट्यावर दूध-भाकर खाऊन
परसाकडेला माझ्या मेथीत येणारी.

आधी निळीच्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या.
गल्लीत सगळ्यांच्या दाराशी असतात,
त्यानं कुत्रं येत नाही म्हणे.
तिनं एकीला अंग घासलं, ती आडवी केली,
आणि त्या ओल्या, निळसर मातीत...
जाऊ द्या.

मग मोसंबीच्या साली.
मग लाल तिखट, तेही घरच्या मिरचीचं;
वाऱ्यानं फिरून माझ्याच डोळ्यांत.
मग बोरीच्या फांद्या.
काटे मांजरीसाठी होते.
तीनदा रुतले, तिन्ही वेळा मला.
धनुर्वाताचं इंजेक्शन टोचताना कंपाउंडर म्हणाला,
काका, शेतात गेले होते का?
म्हटलं, हो.
केवढं शेत?
दहा बाय बारा.

ही ओट्यावर बसून वाल सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
"मांजरीले काय मालूम, वाफा कोनाचा ते!
तिले मऊ माती दिसली, ती बसली.
चायू चायू मऊ कोनं केली?"

रात्री झोप लागेना.
मुळांना जे हवं म्हणून मी महिनाभर राबलो
तेच तिलाही हवं होतं :
भुसभुशीत, कोरडं, थोडं खोल,
आणि कुणी बघत नाही अशी जागा.

म्हणून शेवग्याखाली तिच्यापुरता एक वाफा केला.
चाळलेली माती, वर बारीक वाळू,
पेरलं काही नाही.
तिनं वास घेतला. एक फेरी मारली.
आणि मेथीकडे गेली.

शेवटी माळ्यावरून कूलरची जाळी काढली,
गंजलेली, एक कोपरा वाकलेला,
आणि मेथीवर आडवी टाकली.
एवढंच.
चौथ्या दिवशी एकेका चौकोनातून
तिकिटाच्या खिडकीत हात घुसावेत
तशी मेथी वर आली.
पहिली जुडी भारंबे वहिनींकडे पाठवली.
त्याच भांड्यातून भरीत परत आलं,
कांद्याची पात घातलेलं, तेल सुटलेलं.
मांजरीचा विषय
दोन्ही घरांनी काढला नाही.

मग मे.
सेहेचाळीस. नळ नवव्या दिवशी.
जाळी पुन्हा कूलरला गेली, जावीच लागली.
मेथी कधीच संपलेली, वांग्यांच्या नुसत्या काड्या,
शेवग्याची सावलीही तापलेली.
दुपारी तीनला कूलरचं पाणी बघायला बाहेर आलो तर
नळीतून थेंब थेंब गळतं तिथे,
वाफा नंबर दोनमध्ये,
पोट ओल्या मातीला लावून
ती पसरलेली.
एक डोळा उघडला. माझ्या हातात बादली बघितली.
तिचे कान मागे गेले, पण ती उठली नाही.

उठवावं असं माझ्याही मनात आलं नाही.
वाकलो,
आणि बादलीतलं अर्धं पाणी
तिच्या कडेकडेनं सोडलं, सावकाश,
रोप वाहून जाऊ नये म्हणून सोडतात तसं.
वाफ्यात पेरलेलं काहीच नव्हतं.